गाडी घेताना आधी मुले मोजा

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली, की ठाण्या-कल्याणची आणि डोंबिवलीची बिऱ्हाडे गावाकडे निघतात. पूर्वी ही मंडळी कसाऱ्याच्या लोकलने आसनगावला उतरत, नाहीतर कल्याणच्या स्टँडवर मुरबाडची एस. टी. पकडत. आता थोरल्याने किंवा धाकट्याने कर्ज काढून चारचाकी घेतलेली असते. अंगणात गाडी उभी राहते, दारे उघडतात आणि आतून माणसे उतरू लागतात. दोन, चार, सहा, आठ! म्हातारी कौतुकाने म्हणते, "एवढ्याशा गाडीत एवढे गोकुळ मावले तरी कसे रे?"

मावले खरे. पण मावणे वेगळे आणि बसणे वेगळे. कणगीत भात मावतो, पिशवीत भाजी मावते. माणसाने, त्यातून लहान मुलाने, गाडीत बसायचे असते. आणि बसायचे म्हणजे स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पट्ट्यात. आज गाडी घेण्याचा विचार याच बाजूने करू. गाडीत माणसे किती कोंबता येतील हा हिशेब सोडून देऊ आणि मुले किती बसवता येतील हा हिशेब धरू.

हा विषय शहरातल्यांचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. शहरातल्या मुलाच्या गाडीत गावचा पैसा असतोच. कोणी भाजीच्या पट्टीतून मदत करतो, कोणी दुधाच्या पैशातून, कोणी रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून. पैसा घालणाऱ्याला दोन प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. आणि त्या गाडीतून येणार आहेत ती आपलीच नातवंडे.

मांडी म्हणजे आसन नव्हे

"मूल माझ्या मांडीवर आहे, मी घट्ट धरले आहे," असे प्रत्येक आई आणि प्रत्येक आजी सांगते. मायेत ती खोटी नाही. पण गणित तिच्या बाजूने नाही.

गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि समोर काही आडवे येऊन ती एकदम आपटली, असे धरू. गाडी थांबते, आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. ५० च्या वेगाने आपटणे म्हणजे सुमारे पावणेदहा मीटर उंचीवरून, तीन मजल्यांवरून, खाली पडण्यासारखे आहे. दहा किलोचे मूल एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायचे, तर हातांवर सुमारे १४० किलोचा भार येतो. पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती झाली! बेसावध बसलेल्या बाईच्या सोडा, पोती उचलणाऱ्या गड्याच्या हातूनही ते मूल सुटणार. आणि आईने स्वतःही पट्टा लावला नसेल, तर तिच्या अंगाचा भार मुलावरच येणार. दोघांना मिळून एकच पट्टा लावणे तर त्याहून वाईट. त्यात मूल मोठ्या माणसाच्या आणि पट्ट्याच्या मध्ये चिरडते.

मागे बसले म्हणजे भय नाही, हीही एक समजूत आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी परदेशी आणि महागाची होती. न लावलेला पट्टा महागड्या गाडीतही कामाला येत नाही.

शिवाय आपल्या भागातले रस्ते आता पूर्वीचे राहिले नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. भिवंडी आणि शहापूर तालुक्यांच्या शिवारातून जाणाऱ्या या रस्त्यावर गाड्या शंभरावर वेगाने धावतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर जे इतके दिवस खपून गेले, ते तिथे खपणार नाही.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यातील १९४ बी या कलमाप्रमाणे चौदा वर्षांखालील मूल पट्टा किंवा मुलांची खास सीट यांशिवाय गाडीत बसवले, तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाला भिऊन हे करू नका. दंड भरता येतो.

कोणत्या वयाला कोणती सीट

मुलांची सीट म्हणजे शहरी भाषेत बेबी सीट. ती गाडीच्या सीटवर पक्की बसवायची असते. तिच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी तान्ह्याची. या सीटमध्ये मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असते. पाहायला हे उलटे वाटते, पण त्यात अर्थ आहे. तान्ह्याचे डोके जड आणि मान कोवळी. गाडी आपटली की मागे तोंड करून बसलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोके सगळे एकदम सीटच्या पाठीत दाबले जाते. मानेला हिसका बसत नाही. निदान सव्वा वर्षाचे होईपर्यंत मूल असेच बसवावे, आणि सीट परवानगी देत असेल तर त्यापुढेही.

दुसरी पायरी साधारण ९ ते १८ किलो वजनाची, म्हणजे अंदाजे चार वर्षांपर्यंतची. यात मुलाचे तोंड पुढे असते आणि दोन्ही खांद्यांवरून, दोन्ही कमरेकडून आणि पायांमधून असे पाच ठिकाणी पट्टे येतात.

तिसरी पायरी बूस्टरची, १५ ते ३६ किलोची. हा एक उंच पाट समजा. शक्यतो पाठ असलेला घ्यावा. त्यावर बसल्याने मुलाची उंची वाढते आणि गाडीचा पट्टा मानेवर न येता खांद्यावर, पोटावर न येता कमरेच्या हाडावर बसतो. मूल सुमारे दीड मीटर उंच होईपर्यंत बूस्टर लागतो. तो कधी काढायचा याची खूण सोपी आहे: पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर नीट वाकले पाहिजेत आणि पट्टा मानेला घासता कामा नये.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी. पुढच्या सीटसमोर एअरबॅग चालू असेल, तर मागे तोंड करण्याची तान्ह्याची सीट तिथे कधीही ठेवू नये. फुगा फुटून बाहेर येतो तो थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे. मुलांची जागा मागेच.

भावंडांची सीट पुढच्या भावंडाला वापरायला हरकत नाही. मात्र अपघातात सापडलेली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये. सीटवर ए. आय. एस. ०७२ किंवा युरोपच्या आर ४४ अथवा आर १२९ या प्रमाणाची चिठ्ठी आहे ना, आणि वापराची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे.

तिसरे मूल आणि टेप

दोन मुले असतील तर प्रश्न फारसा अवघड नाही. मागच्या सीटवर दोन्ही कडांना पट्टे आणि आयसोफिक्सचे हूक असलेली कोणतीही बरी पाच जणांची गाडी चालेल. आयसोफिक्स म्हणजे काय, तर सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत, एकमेकांपासून २८ सेंटिमीटरवर बसवलेल्या लोखंडी कड्या. बेबी सीटचे दोन चिमटे त्यांत खटकन बसतात. फटीत बोटे घालून त्या कड्या हाताला लागतात का ते स्वतः पाहावे. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. कड्या नसल्या तरी पट्ट्याने बसवण्याच्या सीट मिळतात, त्या नीट आवळल्या तर चांगल्या. पण कडीने चूक कमी होते.

तिसरे मूल आले, किंवा दोन घरची मुले एकाच गाडीतून येऊ लागली, की खरी अडचण सुरू होते. एका बेबी सीटची रुंदी साधारण ४२ ते ४८ सेंटिमीटर. तीन मांडल्या तर १२६ ते १४४ सेंटिमीटर लागतात. छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर दारापासून दारापर्यंत एवढी जागा बहुधा नसते. असली तरी मधल्या पट्ट्याचे कुलूप दोन सीटांच्या मध्ये असे दबते, की हात जात नाही. त्यातच मधल्या जागेला अनेक जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो. बूस्टर कमरेच्या पट्ट्यावर चालत नाही. त्याला खांद्यावरून येणारा तीन टोकांचाच पट्टा लागतो.

म्हणून शोरूमला जाताना शिंप्याची टेप आणि घरात असतील त्या बेबी सीट बरोबर न्याव्यात. शक्य असेल तर मुलेही न्यावीत. म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो. गड्याने सांगितले म्हणून दावे हातात घेत नाही. लाखांची गाडी मात्र रंग पाहून घेतो! सगळ्या सीट एका वेळी बसवून, सगळे पट्टे लावून, दारे बंद करून दाखवा, असे स्पष्ट सांगावे. नाही म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

बाजारातल्या गाड्या

तीन मुलांच्या घराला परवडतील अशा गाड्या मोजक्याच आहेत.

रेनॉची ट्रायबर ऑगस्ट २०१९ मध्ये आली. लांबी चार मीटरच्या आत, म्हणून डोंबिवलीच्या सोसायटीत लावायला सोपी. तीन रांगा आहेत आणि शेवटच्या रांगेच्या दोन खुर्च्या उचलून घरी ठेवता येतात. खुर्च्या काढल्या तर डिकी ६२५ लिटरची होते. सातही जागा ठेवल्या तर ८४ लिटरच उरते, म्हणजे एक-दोन पिशव्या. इंजिन एक लिटरचे. दोघे नवरा-बायको आणि तीन मुले यांना ते पुरेसे आहे. सात मोठी माणसे भरून माळशेज चढायचा असेल तर ते धापा टाकते, हे लक्षात ठेवावे.

मारुतीची अर्टिगा २०१२ पासून आहे. इंजिन दीड लिटरचे, तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी २०९ लिटर. घाटाला ताकदवान, मागच्या रांगेत मोठा माणूसही बसू शकतो. पण किंमत वर आणि सोसायटीत जागा जास्त लागते.

महिंद्राची बोलेरो आपल्या सर्वांच्या ओळखीची. कच्च्या वाटेला तिच्यासारखी गाडी नाही, हे मान्य. परंतु तिच्या अगदी मागच्या जागा आडव्या, एकमेकांकडे तोंड करून असतात. बेबी सीट पुढे किंवा मागे तोंड करूनच बसवायची असते. आडव्या जागेवर ती बसतच नाही. म्हणून मुलांच्या हिशेबात बोलेरो पाचाचीच धरावी.

मारुतीची ईको स्वस्त आणि ऐसपैस. मात्र २०१६ साली ग्लोबल एन. कॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला एकही तारा मिळाला नव्हता. त्यानंतर गाडीत सुधारणा झाल्या आहेत. तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून त्या काळातली ईको मुलांसाठी घेऊ नये.

या चाचण्यांना गाडीचे प्रगतिपुस्तक समजा. गाडी मुद्दाम आपटतात, आत बाहुले बसवतात आणि किती इजा झाली ते मोजतात. मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे तारे वेगळे असतात. विक्रेता मोठ्यांचे सांगतो. तुम्ही मुलांचे विचारा. २०२१ साली ट्रायबरला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. अर्टिगाला २०१९ साली दोन्हींत तीन-तीन होते, तर २०२४ मध्ये मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोन आले. मधल्या काळात, २०२२ पासून, परीक्षाच कडक झाली. म्हणून जुन्या परीक्षेचे गुण नव्या परीक्षेशी लावू नयेत. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीही भारत एन. कॅप नावाची परीक्षा सुरू झाली आहे. घेण्याच्या दिवशी, त्याच गाडीचा ताजा निकाल घरातल्या शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावा.

कोणी कुठे बसायचे

सात जणांची गाडी घेतली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. मधल्या रांगेत बेबी सीट बसवली, की ते आसन दुमडत नाही आणि शेवटच्या रांगेची वाट बंद होते. आयसोफिक्सच्या कड्याही बहुधा मधल्या रांगेच्या दोन कडांनाच असतात.

घरात एक, साडेतीन आणि आठ वर्षांची मुले आहेत आणि बरोबर आजी आहे, असे समजू. आजीने पुढे बसावे, पट्टा लावून. तिला मागे चढउतार नको. मधल्या रांगेच्या एका कडेला कडीत बसवलेली तान्ह्याची सीट. दुसऱ्या कडेचे दुमडणारे आसन मोकळे ठेवावे. त्यातून आठ वर्षांचा मागच्या रांगेत चढेल आणि बूस्टरवर बसेल; मग ते आसन सरळ करून तिथे आईने बसावे. साडेतीन वर्षांच्या मुलाची सीट मधोमध. तिथे तीन टोकांचा पट्टा आणि पुरेशी रुंदी असेल तरच. नसेल तर ती मागच्या रांगेत दादाच्या शेजारी पट्ट्याने बसवावी. पण गाडीच्या पुस्तकात त्या जागी बेबी सीट चालते असे लिहिलेले हवे. सर्वांत लहान मात्र मागच्या रांगेत कधीही नको. ती रांग मागच्या दाराला टेकलेली असते आणि मागून ठोकर बसली तर तिथे जागा थोडी.

तान्ह्याची सीट चालकाच्या मागे आली, तर मूल रस्त्याच्या बाजूने ठेवावे-काढावे लागते. कल्याण स्टेशनाबाहेर किंवा शीळ रस्त्याच्या गर्दीत ते धोक्याचे. गाडी आत वळवून, शांत जागी उभी करून मगच दार उघडावे.

हप्त्याचे गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सी. सी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जी. एस. टी. १८ टक्के आहे. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. म्हणून ट्रायबर आणि अर्टिगा यांच्या किमतीत एवढे अंतर दिसते. करकपातीनंतर पहिलीचा सर्वांत साधा प्रकार पावणेसहा लाखांच्या आसपास, तर दुसरीचा नऊ लाखांच्या आसपास सुरू झाला. ही शोरूममधली किंमत. नोंदणी, रस्ता कर, विमा धरून हातात येणारी किंमत वेगळी लिहून मागावी.

सहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे १२,४५० रुपये पडतो आणि व्याज सुमारे १ लाख ४७ हजार जाते. तेच कर्ज सात वर्षांचे केले, तर हप्ता सुमारे ९,६५० वर येतो, पण व्याज २ लाख ११ हजारांवर जाते. नऊ लाखांचे पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याला सुमारे १८,७०० रुपये. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे म्हातारे सांगत आले ते उगीच नाही. पण अंथरुणाचे माप घेताना बेबी सीटचे पैसे पहिल्या दिवसापासून धरावेत. गाडीला चकचकीत चाके आणि गाणी वाजवणारा मोठा डबा घ्यायचा आणि सीटच्या वेळी हात आखडायचा, हे उफराटे झाले.

सी. एन. जी. ठाणे-कल्याणच्या नोकरदाराला परवडते. मात्र सिलिंडर डिकीची जागा खातो, दर तीन वर्षांनी त्याची तपासणी करावी लागते आणि गावाकडे पंप जवळ आहे का हे आधी पाहावे. बाहेरून बसवलेला असेल तर त्याची नोंद आर. सी. बुकावर हवी.

जुनी गाडी घेणे वाईट नाही. पाच-सहा वर्षांची, नीट राखलेली मोठी गाडी नव्या छोटीच्या पैशात मिळते. चालकाच्या बाजूची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, तर पुढच्या दुसऱ्या सीटची नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून आणि जुन्या मॉडेलांना त्या वर्षाच्या अखेरीपासून. त्यामुळे २०२२ किंवा त्यानंतरची गाडी पाहावी. प्रत्येक पट्टा पूर्ण ओढून, झटका देऊन अडकतो का ते बघावे. मागचे पट्टे कव्हराखाली गेलेले असतील, कुलपे सीटमध्ये दडलेली असतील, तर ती बाहेर काढून दाखवायला सांगावे. कळीचे प्रश्न इंजिनाइतकेच इथे आहेत.

निघण्याच्या दिवशी

सीट बसवल्यावर पट्ट्याजवळ धरून हलवून पाहावी. एका इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. हिवाळ्यात जाड स्वेटर आत घालून पट्टा आवळू नये. पट्टा लावून वरून पांघरूण घालावे. उन्हात उभ्या गाडीतील पट्ट्याचे लोखंड तापते, त्यावर ओला रुमाल ठेवून मगच मूल बसवावे. मागच्या दारांचे मुलांचे कुलूप लावावे. आणि दोन मिनिटांसाठीसुद्धा मूल बंद गाडीत ठेवून दुकानात जाऊ नये.

आंब्याची पेटी, नारळ, तांदळाची गोणी गावाहून जाणारच. ती मुलांच्या मागे सुटी ठेवू नका. गाडी आपटली की नारळ गोफणीतल्या दगडासारखा येतो. जड ओझे खाली, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, दोरीने बांधून न्यावे.

मूल रडले म्हणून पट्टा सोडू नये. गाडी बाजूला घेऊन थांबावे. दीड-दोन तासांनी एक थांबा धरूनच निघावे. पहिले आठ दिवस मूल सीटमध्ये बसायला कुरकुरते. मग सवय होते, तसे तेच आधी पट्टा मागते.

एवढे करूनही एक माणूस जास्त होत असेल तर? तर त्याने एस. टी.ने यावे. यात कमीपणा नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.त तिकीट नाही आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. काका आणि आत्याबाई एस. टी.ने आल्या आणि तीन मुले आपापल्या सीटमध्ये आली, तर घराची शोभा कमी होत नाही. पिकअपच्या हौद्यात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुलांना बसवून जत्रेला नेणे मात्र कायमचे बंद करावे.

ज्या घरी अजून चारचाकी नाही, त्यांनी मोटारसायकलचा नियम जाणून घ्यावा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाच्या अंगाशी बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० च्या आत. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट लागतेच.

तेव्हा मुलाचा किंवा जावयाचा फोन आला, "गाडी बघतोय, थोडे कमी पडतात," की लगेच आकडा विचारू नका. आधी विचारा, मुले किती, त्यांच्या सीट किती, आणि त्या सगळ्या एका वेळी बसवून पाहिल्यात का? उत्तर "हो" आले, की मग पैशाचे बोला.